समोर बसलेली माणसं

पॅरिसच्या रू काम्बाँवर ३१ क्रमांकाच्या इमारतीत कोको शनेलचा एक वळणदार जिना आहे. त्याच्या भिंतींवर आरशांच्या उभ्या पट्ट्या जडवलेल्या आहेत. खालच्या दालनात नव्या कपड्यांचा शो चालू असताना शनेल वरच्या एका पायरीवर बसून राहायची. आरशांमुळे तिला खालचं सगळं दिसायचं आणि खालच्या कुणालाही ती दिसायची नाही. तिथून ती आपले कपडे न्याहाळायची, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. ते कपडे तिने स्वतः मॉडेलच्या अंगावर टाचण्या लावून, बाही पुन्हा पुन्हा उसवून बेतलेले असायचे. आयत्या वेळी त्यांत बघण्यासारखं तिला काय उरलं असणार? तिला बघायची असणार ती खुर्च्यांवरची माणसं. कुणाची पेन्सिल कार्डावर थांबली, कोण शेजारणीच्या कानाला लागली, कोणत्या सूटला कुणाची मान वर झाली आणि कुणाची झाली नाही.

हे पुस्तक त्या माणसांबद्दल आहे.

फॅशन शोचा इतिहास कपडे बेतणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वर्थ, प्वारे, शनेल, दिओर, सँ लोराँ, कावाकुबो, मॅक्वीन अशी ती नावांची माळ. या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे आणि पुढच्या पानांत ती वारंवार भेटतील. पण जुन्या शोचे फोटो बघत गेले, तशी माझी नजर मॉडेलवरून घसरून तिच्या मागे बसलेल्यांवर जाऊ लागली. १९५०च्या आसपासच्या फोटोंत तिथे टोप्या, हातमोजे, सिगारेटी आणि मांडीवर कार्ड दिसतं. १९८०च्या दशकात रॅम्पच्या टोकाला फोटोग्राफरांची भिंत उभी राहते. २०१०नंतर प्रेक्षकांच्या चेहऱ्यांच्या जागी फोनच दिसू लागतात. कपड्यांची लांबी, खांद्यांची रुंदी, कमरेची उंची यांबद्दल ढीगभर लिहिलं गेलं आहे. हे मागचे बदल मात्र पुष्कळदा तळटिपेत गेले.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. फॅशन हाउसने कोणत्याही काळात खुर्ची फुकट दिलेली नाही. त्या घडीला ज्याच्याजवळ हाउसला हवी असलेली गोष्ट होती, त्यालाच पुढे बसवलं. आधी ती गोष्ट पैसा होती. मग घाऊक ऑर्डर, मग लेखणी, मग ओळखीचा चेहरा, आणि आज एका माणसाच्या फोनपलीकडे असलेली लाखो माणसं. या प्रवासात बसणारा माणूस कापडापासून लांब लांब गेला. पहिल्या गिऱ्हाइकाला शो संपल्यावर तोच झगा अंगावर घालून, अस्तर उलटून बघता यायचं. आजच्या बहुसंख्य प्रेक्षकांचा त्या कापडाला कधीच हात लागणार नाही. खुर्च्या वाढल्या, दारं उघडली, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याच वेळी कापडाची पारख करणारी नजर पातळ होत गेली. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांतली एक झाकून दुसरी सांगणं मला जमलेलं नाही.

सुरुवातीचा काळ मी भराभर उरकला आहे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज १८५८ मध्ये पॅरिसच्या रू द ला पेवर दुकान थाटतो आणि जिवंत स्त्रीच्या अंगावर कपडे दाखवतो. त्याची बायको मारी व्हर्ने ही त्यासाठी उभी राहणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. समोर सम्राज्ञी युजेनीच्या दरबारातल्या बायका. पुढे लंडनमध्ये 'लुसील' या नावाने काम करणाऱ्या लेडी डफ गॉर्डनने निमंत्रणपत्रिका, पडदा, संगीत आणून त्याला रंगमंचाचं रूप दिलं. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली, युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना, 'व्होग'च्या संपादक एडना वूलमन चेस यांनी युद्धपीडितांच्या मदतीसाठी तिकीट लावून फॅशन शो भरवला आणि शहरातल्या धनिक घराण्यांतल्या स्त्रियांना त्याच्या आश्रयदात्या केलं. धर्मादाय काम जोडलं की प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांना अशा ठिकाणी उघडपणे जाता येतं, हे तेव्हाच कळून चुकलं. ती युक्ती पुढे मुंबईपर्यंत पोचली.

खरी गंमत सुरू होते ती खरेदीदार आल्यावर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅरिसच्या दालनांत अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांचे आणि कारखान्यांचे खरेदीदार वर्षातून दोनदा जहाजाने येऊ लागले. ते स्वतःसाठी काही घेणारे नव्हते. त्यांना नमुना हवा होता, जो न्यूयॉर्कला नेऊन शेकड्यांनी शिवता येईल. फॅशन हाउसला त्यांचा पैसा हवा होता आणि त्यांची भीतीही वाटायची, कारण न विकत घेताच डोक्यात साठवून नेणारेही त्यांच्यातच बसलेले असायचे. म्हणून शोमध्ये चित्र काढायला सक्त मनाई. कार्डावर कपड्याचा नंबर लिहायचा, एखादा शब्द खरडायचा, बस. एलिझाबेथ हॉज ही अमेरिकन तरुणी १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये हेच काम करायची. शो बघायचा, कळ्या, चुण्या, बटणांच्या जागा ध्यानात ठेवायच्या आणि बाहेर पडल्यावर कागदावर उतरवून काढायच्या. पुढे ती स्वतः नावाजलेली डिझायनर झाली आणि १९३८च्या 'फॅशन इज स्पिनॅच' या पुस्तकात तिने हा सगळा धंदा उघड करून सांगितला. मी या पुस्तकात जितक्या प्रेक्षकांबद्दल लिहिलं आहे, त्यांत हॉजइतकं बारकाईने बघणारं दुसरं कुणी मला सापडलं नाही. चोरायचं असलं तरी एका झलकेत पूर्ण झगा वाचता येणं ही विद्या आहे. ती विद्या अंगी असलेली माणसं दालनात बसलेली असत, म्हणून शिवणाऱ्यांनाही शिवणीत चालढकल करता येत नसे.

यावर तोडगा म्हणून व्यापारी खरेदीदारांकडून आत येण्याआधीच अनामत घेण्याची पद्धत आली. रक्कम भरायची किंवा ठरावीक नग घेण्याची हमी द्यायची, मगच खुर्ची. युद्धानंतरच्या काळात ही पद्धत चांगलीच पक्की झाली. कुणी पूर्ण कपडा घ्यायचा, कुणी जाड्याभरड्या कापडात शिवलेला नमुना, कुणी नुसता कागदी बेत, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. सोनेरी मुलाम्याच्या त्या नाजूक खुर्च्यांच्या रांगेकडे पाहून कुणाला वाटेल, इथे उच्चभ्रूंचा चहापानाचा कार्यक्रम चालू आहे. तिथे खरं तर बाजार भरलेला असायचा. खाजगी गिऱ्हाइकं वेगळ्या दिवशी यायची. पहिला मोठा शो झाला की पुढे कित्येक आठवडे रोज दुपारी त्यांच्यासाठी तेच कपडे पुन्हा दाखवले जायचे आणि प्रत्येकीची ठरलेली विक्रेती तिच्या शेजारी उभी असायची. आज दहा-पंधरा मिनिटांत संपणारा शो बघताना हे आठवावं. तेव्हा शो हे दुकानाचंच अंग होतं.

१२ फेब्रुवारी १९४७ला ३०, ॲव्हेन्यू मोंतेनमध्ये ख्रिश्चन दिओरचा पहिला शो झाला. त्या सकाळचं वर्णन अनेकांनी लिहून ठेवलं आहे. दालन भरून माणसं जिन्यावर बसली होती. युद्धाची काटकसर अजून सरली नव्हती, बायकांच्या अंगावर आखूड, सरळ, चौकोनी खांद्यांचे कपडे होते. त्यांच्यासमोरून मीटरच्या मीटर कापडाचे घेर गिरक्या घेत गेले आणि त्या घेरांचा फटका बसून बाजूच्या रक्षापात्रांतली राख उडाली. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि ते नाव जगभर गेलं. त्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की एका प्रेक्षक बाईच्या दोन शब्दांनी त्या संग्रहाला दिओरने स्वतः दिलेलं नाव पुसून टाकलं. पत्रकाराच्या खुर्चीचं वजन त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आणि जे कळलं त्याची धास्तीही वाटू लागली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बालेन्सिआगा आणि जिव्हाँशी यांनी पत्रकारांना खरेदीदारांच्या बरोबर बसवणंच बंद केलं. वर्तमानपत्रांना जवळपास महिनाभर नंतर बोलवायचं, म्हणजे बातमी छापून येईल तेव्हा कपडेही दुकानात पोचलेले असतील आणि नक्कल करणाऱ्यांना मधली फट सापडणार नाही. पत्रकार मंडळी चिडली, पण वेगळी फेरी मारून आली. या दोघांचे कपडे न बघून चालणारच नव्हतं.

याच काळात पॅरिसबाहेर नवे प्रेक्षक तयार होत होते. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना एलिनॉर लॅम्बर्ट यांनी १९४३ मध्ये न्यूयॉर्कला 'प्रेस वीक' सुरू करून अमेरिकेतल्या गावोगावच्या वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना अमेरिकन कपडे दाखवले. १९५१ मध्ये फ्लॉरेन्सला जोव्हान्नी बात्तिस्ता जोर्जिनी यांनी आपल्याच घरी मोजक्या अमेरिकन खरेदीदारांना बोलावून इटलीची बाजारपेठ उघडली. हे दोन्ही प्रयोग गाजलेले आहेत. मला जास्त जागा द्यावीशी वाटली ती एका तिसऱ्याच प्रयोगाला.

१९५८ मध्ये अमेरिकेत 'एबनी फॅशन फेअर' नावाचा फिरता शो सुरू झाला. कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघणाऱ्या 'एबनी' मासिकाच्या जॉन्सन कुटुंबाचा हा उपक्रम. १९६०च्या दशकापासून त्याची सूत्रं युनिस जॉन्सन यांच्या हाती होती. त्या स्वतः पॅरिस-मिलानला जाऊन मोठ्या फॅशन हाउसांचे कपडे विकत घ्यायच्या. काहींना कृष्णवर्णीय स्त्रीला आणि तिच्या कृष्णवर्णीय मॉडेलना आपला माल विकायचा नसायचा, तिथे अडून बसायच्या आणि आणायच्याच. मग ते कपडे आणि मॉडेल बसमध्ये घालून शहराशहरांतून फिरवायचे. तिकिटाच्या पैशात मासिकाची वर्गणीही यायची आणि शोचं उत्पन्न स्थानिक संस्थांच्या शिष्यवृत्त्यांना, इस्पितळांना जायचं. २००९ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, हे चाललं आणि त्यातून ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम समाजकार्याला मिळाली.

त्या सभागृहांतली माणसं डोळ्यांसमोर आणावीत. शिक्षिका, परिचारिका, चर्चमधल्या महिला मंडळांच्या सदस्या, त्यांचे नवरे, त्यांच्या मुली. पॅरिसमधल्या खुर्चीसाठी त्यांना कुणी कधी बोलावलं नसतं. अनेक गावांत तर हॉटेलात उतरायचीही त्यांना बंदी होती. त्या संध्याकाळी त्या स्वतः नटूनथटून यायच्या, इतक्या की प्रेक्षकांत बघावं की रंगमंचावर हा प्रश्न पडावा. आपल्याच रंगाच्या मॉडेलच्या अंगावर पॅरिसचा झगा दिसला की टाळ्या, हाका, हसू यांनी सभागृह दणाणायचं. पॅरिसच्या दालनात टाळीसुद्धा जपून वाजवायची असते. या प्रेक्षकांकडे घाऊक ऑर्डर नव्हती आणि लेखणीही नव्हती. त्यांच्याकडे भूक होती आणि मान होता. माझ्या मते विसाव्या शतकातला फॅशन शोचा सर्वांत चांगला प्रेक्षक हाच, आणि फॅशनच्या इतिहासाने त्याला फार उशिरा जागा दिली. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याचं आहे. ते तसं व्हावं अशी माझी इच्छाच होती.

प्रेक्षक नुसता बघत नाही, तो आठवणी घेऊन बसलेला असतो. २९ जानेवारी १९७१ला इव्ह सँ लोराँने पॅरिसमध्ये १९४०च्या दशकाची आठवण करून देणारे कपडे दाखवले. चौकोनी खांदे, आखूड झगे, जाड तळव्यांच्या चपला, भडक ओठ, हिरव्या रंगाच्या फरचा कोट. त्याची मैत्रीण पालोमा पिकासो जुन्या बाजारातले कपडे घालून हिंडायची, त्यातून हे सुचलेलं. तेव्हा तो पस्तिशीतही पोचला नव्हता. समोरच्या रांगांत मात्र अशी माणसं होती, ज्यांनी तेच कपडे जर्मन सैनिक रस्त्यावर असताना घातले होते, ज्यांना तेव्हाची उपासमार, पकडून नेलेले शेजारी आणि शत्रूशी संगनमत केलेल्या बायका आठवत होत्या. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रं तुटून पडली. तरुण मुलींना त्या कपड्यांत युद्ध दिसलं नाही, त्यांना आजीची पेटी उघडल्याचा आनंद झाला आणि काही काळातच जुन्या काळाच्या कपड्यांची लाट सगळीकडे पसरली. दोघांचंही बरोबर होतं असं मी प्रकरणात म्हटलं आहे. काही वाचक माझ्याशी भांडतील. ज्यांनी तो काळ भोगला होता त्यांचा राग मला अजूनही अधिक जवळचा वाटतो.

२८ नोव्हेंबर १९७३च्या व्हर्सायच्या रात्रीबद्दल बरंच लिहिलं गेलंय. पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनर, राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी निधी आणि समोर मोनॅकोच्या राजकुमारी ग्रेसपासून अँडी वॉरहोलपर्यंत सुमारे ७०० पाहुणे. फ्रेंचांचा भाग मोठ्या नेपथ्यासह लांबत गेला. अमेरिकनांनी जेमतेम अर्ध्या तासात, जवळजवळ मोकळ्या रंगमंचावर, मुख्यतः कृष्णवर्णीय मॉडेलच्या चालण्याच्या जोरावर बाजी मारली आणि उच्चकुलीन फ्रेंच प्रेक्षकांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिका हवेत उडवल्या. एबनीच्या सभागृहांत जी दाद वर्षानुवर्षं मिळत होती, ती त्या रात्री व्हर्सायला ऐकू आली.

पुढच्या दोन दशकांत दारं धडाधड उघडली. १९८४ मध्ये थिएरी म्युग्लरने पॅरिसच्या झेनिथ या संगीतसभागृहात सुमारे ६,००० माणसांसमोर शो केला आणि त्यातली बरीच तिकिटं सर्वसामान्यांना विकली. १९८९च्या शरदात मार्टिन मार्जिएलाने पॅरिसच्या विसाव्या वॉर्डातल्या एका मोकळ्या मैदानात शो ठेवला. निमंत्रणपत्रिका तिथल्या मुलांनी रंगवल्या, खुर्च्यांवर नावं नव्हती, आणि पुढच्या रांगेत संपादकांऐवजी वस्तीतली पोरंसोरं जाऊन बसली. शो चालू असताना ती उठून मॉडेलबरोबर धावली. १२ जुलै १९९८ला फुटबॉलच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधी स्ताद द फ्रान्सवर ३०० मॉडेलनी इव्ह सँ लोराँचे कपडे मिरवले. मैदानात सुमारे ८०,००० प्रेक्षक होते, जे फुटबॉल बघायला आले होते. या तिघांत मला मार्जिएलाच्या मैदानातली मुलं सर्वांत महत्त्वाची वाटतात. त्यांच्याकडून त्याला काहीच मिळणार नव्हतं. मी वर मांडलेल्या नियमाला पुस्तकभर सापडलेला हा सर्वांत स्वच्छ अपवाद.

सप्टेंबर २००० मध्ये लंडनला अलेक्झांडर मॅक्वीनने प्रेक्षकांचीच परीक्षा घेतली. मध्यभागी आरशांची प्रचंड पेटी, भोवती खुर्च्या. शो सुरू होईना. तासाभराहून अधिक वेळ जगातले सर्वांत प्रभावी फॅशन संपादक आणि खरेदीदार स्वतःच्याच प्रतिबिंबासमोर बसून राहिले. कुणी केस नीट केले, कुणी नजर खाली घातली. मग पेटीच्या आत दिवे लागले, आरसा पारदर्शक झाला आणि आत मनोरुग्णालयातल्या खोलीत फिराव्यात तशा मॉडेल फिरताना दिसल्या. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. एकमेकांचे कपडे न्याहाळण्यात मुरलेल्या या मंडळींना इतका वेळ स्वतःकडे बघायला लावणारा दुसरा शो माझ्या माहितीत नाही.

इंटरनेटनंतरचा काळ बहुतेक वाचकांनी स्वतः पाहिलेला आहे, म्हणून तो मी आखडता घेतला. २००९ मध्ये मॅक्वीनचा शो थेट दाखवताना साइट बसली, इतके लोक आले. २०१० मध्ये तेरा वर्षांची ब्लॉगलेखिका तावी गेविन्सन डोक्यावर भलामोठा गुलाबी बो लावून दिओरच्या शोला पुढे बसली आणि मागच्या संपादिकेने त्या बोमुळे काही दिसत नाही म्हणून फोटो टाकला. २०१३ मध्ये ज्येष्ठ समीक्षक सूझी मेन्केस यांनी शोबाहेर फोटोसाठी मिरवणाऱ्यांच्या जत्रेवर खरपूस लेख लिहिला. मेन्केस यांच्या अभ्यासापुढे मी नतमस्तक आहे, तरी त्या लेखाशी माझं पटत नाही. बाहेर उभी राहणारी माणसं कायमच बाहेर होती. त्यांना आत घेण्याचा विचार आतल्यांनी केला नाही, तेव्हा त्यांनी रस्त्यालाच रॅम्प केलं. माझी तक्रार वेगळी आहे. आज पुढच्या रांगेत बसणाऱ्या अनेक नामवंतांशी फॅशन हाउसचा करार असतो, अंगावरचा कपडाही तिथूनच आलेला असतो, आणि त्यांच्या एका फोटोने किती किमतीची प्रसिद्धी झाली याचा हिशेब मांडणाऱ्या कंपन्या आहेत. अशा खुर्चीवरून नापसंतीने भुवई उंचावण्याची सोय राहत नाही. २०२१ मध्ये बालेन्सिआगाने पॅरिसच्या थिएटर द्यू शात्लेत पाहुण्यांची लाल गालिच्यावरची एंट्री आत पडद्यावर दाखवली आणि त्या पाहुण्यांतच मॉडेल मिसळल्या. प्रेक्षक आणि शो यांच्यातली रेघ तिथे पुसून गेली.

त्याआधीच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या. २३ फेब्रुवारी २०२०ला मिलानमध्ये करोनाची बातमी पसरत असताना जोर्जो अरमानी यांनी रिकाम्या नाट्यगृहात शो केला आणि तो पडद्यावरून जगाला दाखवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी स्कॉटने मॉस्किनोसाठी कळसूत्री बाहुल्यांचा शो केला. रॅम्पवर बाहुल्या आणि समोरच्या रांगेतही संपादकांच्या बाहुल्या. माणसं नसली तरी रांग मात्र मांडावीच लागली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता मुंबई. इथे मी तटस्थ राहू शकत नाही. एका काळी आपल्याकडचे मोठे फॅशन शो कापडगिरण्यांचे असत. बॉम्बे डाइंगसारख्या गिरण्यांना नवं कापड व्यापाऱ्यांसमोर आणि शहरातल्या सुखवस्तू लोकांसमोर आणायचं असे. जीनी नवरोजी यांच्यासारख्या दिग्दर्शिकेने त्या शोंना शिस्त आणि ताल दिला. मेहेर कॅस्टेलिनो १९६४ मध्ये मिस इंडिया झाल्या, रॅम्पवर चालल्या आणि पुढे दशकानुदशकं खुर्चीत बसून फॅशनवर लिहीत राहिल्या. दोन्ही बाजूंनी पाहिलेली अशी नजर दुर्मीळ. मोठ्या हॉटेलांत हे शो होत आणि तेच कापड लालबाग-परळमध्ये तीन पाळ्यांत विणलं जात असे. विणणाऱ्यांची घरं त्या हॉटेलांपासून काही मैलांवर होती. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८७ मध्ये, फोर्ट भागात तरुण ताहिलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'आँसाम्ब्ल' हे दुकान उघडलं आणि डिझायनरच्या नावाने कपडा विकत घेणारा वर्ग तयार होऊ लागला.

पहिला 'लॅक्मे इंडिया फॅशन वीक' २००० साली दिल्लीत झाला. पुढे वाटा फुटून 'लॅक्मे फॅशन वीक' मुंबईत आला. त्याचे काही हंगाम लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या हॉटेलात झाले. जिथे साचे खडखडत होते, त्याच जमिनीवर आता रॅम्प होता. या योगायोगाकडे बहुतेक वार्तांकनात कुणी वळून पाहिलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष शोस्टॉपरकडे होतं. शेवटच्या कपड्यात सिनेमातला तारा किंवा तारका आणण्याची ही आपल्याकडे रुळलेली रीत. तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते, हे खरं. पण आधीचे तीस-चाळीस कपडे प्रेक्षक वाट बघत काढतो आणि वर्तमानपत्रात कापडाचं नावही येत नाही. आपल्याकडचा खरा खरेदीदार लग्नघरातून येतो, तो रॅम्पसमोर क्वचितच असतो. खादीच्या किंवा हातमागाच्या शोनंतर विणकर डिझायनरबरोबर येऊन नमस्कार करून जातात आणि टाळ्या पडतात. तो नमस्कार मला दरवेळी हलवून जातो. त्यांना शोभर खुर्चीत बसवलं, आपलं कापड अंगावर कसं पडतं हे त्यांनी निवांत पाहिलं, तर पुढच्या थानात काय बदलावं हे सर्वांत आधी त्यांनाच कळेल, अशी माझी खात्री आहे.

३० मार्च २०२३ला दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. दिओरच्या तेव्हाच्या कलादिग्दर्शक मारिया ग्राझिया किउरी यांचं मुंबईतल्या चाणक्य या भरतकामाच्या कारखान्याशी अनेक वर्षांचं नातं. चाणक्यच्याच शाळेत स्त्रियांना जरदोजी आणि आरीकाम शिकवलं जातं, जे पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कारागिरांचं मानलं गेलं. गेटवेवर भरतकामाचं भव्य तोरण लागलं. पॅरिसचे संपादक, हिंदी सिनेमातले चेहरे आणि उद्योगपतींची कुटुंबं समोर बसली. ज्या शहरातून हे भरतकाम इतकी वर्षं पॅरिसला जात होतं आणि तिथे कुणी त्याचं नाव घेत नव्हतं, तिथे निदान ते नाव मोठ्याने घेतलं गेलं. याचा मला आनंद झाला आणि तो मी पुस्तकात लपवलेला नाही.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. टोकियो, लागोस, साओ पाउलो या शहरांच्या शोंचा प्रेक्षक निराळा आहे आणि त्यांवर त्या भाषा जाणणाऱ्याने लिहावं. फ्रेंच नावं कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत, मराठी वृत्तपत्रांतली रूढ रूपं त्याहून वेगळी असतील तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. फोटो निवडताना जिथे प्रेक्षक कापून फक्त मॉडेल ठेवलेली होती, तो फोटो कितीही प्रसिद्ध असला तरी घेतला नाही.

मुंबईचं प्रकरण शेवटी आहे. मराठी वाचकाला ते आधी वाचावंसं वाटलं तर अवश्य वाचावं. फक्त त्याआधी एबनीचं प्रकरण नजरेखालून घालावं, कारण परळ आणि फिनिक्सबद्दल जे प्रश्न मी विचारले आहेत ते मला त्या बसमधून फिरणाऱ्या शोमुळे सुचले, आणि त्यांतल्या काहींची उत्तरं युनिस जॉन्सन यांनी फार आधी देऊन ठेवली होती.